चारशे नऊ ओळी

सोमवार ०९:४० · माहिती

माझ्या बहिणीचा नवरा मूर्ख आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको.

वाईट माणूस नाही. वाईट व्हायला थोडी अक्कल लागते. भावोजी फुलांच्या शीतगृहात कामाला आहेत. आठ थंड खोल्या, त्यांच्यासमोर एक काचेची केबिन, केबिनमध्ये एक स्क्रीन आणि स्क्रीनसमोर बावीस वर्षं भावोजी. खोली गरम व्हायला लागली, भोंगा वाजला की बटण दाबायचं, एवढंच काम. चारचौघांत मात्र ते "आमचा नियंत्रण कक्ष" म्हणतात, आणि लगेच पुढे जोडतात, "त्यातलं सगळं सॉफ्टवेअर आमच्या मेहुण्यांनी लिहिलंय." मेहुणे सॉफ्टवेअर लिहितात, हे शीतगृहाच्या मालकीणबाईंना त्यांनीच सांगितलं, आणि म्हणून ते काम आमच्या कंपनीला मिळालं. कंपनीत हे कोणाला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

सांगावं असं काही नव्हतंही. त्या स्क्रीनवर कुठलंही बटण दाबलं की एक लहानशी चौकट उघडते: "कारण लिहा." जगातला प्रत्येक माणूस तिथे एक टिंब देतो आणि पुढे जातो. भावोजी लिहितात. "खोली तीन किंचित उबदार भासली म्हणून पंखा वाढवला. बाकी सर्व क्षेम." "आज बाहेर फार ऊन, आतल्या फुलांना त्याची कल्पना नाही, पण यंत्राला आहे. पंखा एकने वाढवला." हे शेरे लॉगमध्ये जातात. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, जे जे घडलं त्याची एकेक ओळ. आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कोणीतरी ते मोठ्याने वाचायचं आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. हा माणूस माझा कोण, हे न सांगता.

ताईचा फोन आला तेव्हा मी चहाच पीत होतो.

"अरे, ह्यांना घरी पाठवलंय."

"का?"

"फुलं उमलली म्हणतात."

"फुलं उमलतातच, ताई."

"थट्टा नको करूस. सहाव्या खोलीतली सगळी लिली उमलली. अकरा हजार."

लिली विकतात ती कळी. दोन अंशांवर कळी गप्प झोपून राहते. उमललेली लिली पेटीत भरली की पाकळ्या मोडतात, पराग सांडून डाग पडतात, आणि तिला कोणी हात लावत नाही. शनिवारी दुपारी सहाव्या खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. रविवारी तिथे कोणी नसतं. सोमवारी सकाळी भावोजींनी दार उघडलं तर आत अकरा हजार फुलं त्यांच्याकडे तोंड वासून बघत होती.

"हे म्हणतात, मी शनिवारी बटण दाबलं होतं," ताई म्हणाली. "दुसरा कॉम्प्रेसर लावला होता. स्क्रीनवर हिरवी खूण आली, ती बघूनच भोंग्याची किल्ली फिरवली आणि पाळी संपली म्हणून निघालो. आणि तुमचे मोठे साहेब म्हणतात, लॉगमध्ये तसं काही नाही. म्हणजे ह्यांनी नुसता भोंगा बंद केला आणि घरी आले. असं कोणी करेल का रे?"

करेल, असं मला वाटलं. भावोजी करतील. शेरा लिहिता लिहिता बटण राहून गेलं असेल.

"उद्या अकराला बैठक आहे. तिथे ठरवणार, ठेवायचं की काढायचं. बावीस वर्षांत एक दांडी नाही त्यांची. नोकरीचं एक असू दे, पण मला खोटारडा म्हणाले, एवढंच धरून बसलेत. सकाळपासून पाणी घेतलं नाही. तू बघशील ना? लॉग तुझाच आहे ना तो?"

"बघतो."

"म्हणजे?"

"म्हणजे बघतो, ताई."

सोमवार १०:३० · माहिती

लॉग माझाच आहे. तो कसा चालतो ते सांगतो. आमच्या मोठ्या साहेबांना तीन वेळा सांगितलं आणि समजलं नाही, म्हणजे तुम्हाला एकदाच पुरेल.

सर्व्हर म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम, नोड नावाच्या व्यवस्थेवर चालणारा. तो एका वेळी एकच काम करतो. एक खिडकी, एक कारकून, असं समजा. आठ खोल्यांतून दर सेकंदाला तापमान येतं. पूर्वी प्रत्येक आकडा आला की कारकून खिडकी सोडून आत जायचा, कपाट उघडायचा, रोजनिशीत एक ओळ लिहायचा, कपाट लावायचा आणि परत यायचा. सेकंदातून आठ वेळा. तोवर खिडकीवरचे ताटकळत. भावोजींची स्क्रीन चार-चार सेकंद मागे असायची आणि ते फोन करून विचारायचे, "मेहुणे, यंत्राला दम लागतो का हो?"

मी कारकुनाच्या टेबलावर एक ट्रे ठेवला. ओळी ट्रेमध्ये टाकत राहायच्या. पाचशे झाल्या किंवा साठ सेकंद झाले, यातलं जे आधी होईल तेव्हा सगळा गठ्ठा एकदम उचलून कपाटात. ट्रेला बफर म्हणतात, गठ्ठ्याला बॅच. पंधरा ओळींचा कोड होता. स्क्रीन पळायला लागली.

त्या पंधरा ओळींवर मोठ्या साहेबांनी चौतीस स्लाइड केल्या. म्हणून त्यांचं ऑफिसातलं नाव प्रेझेंटेशन. हा माणूस घरी बायकोशीही मुद्द्यांत बोलत असणार. शेवटच्या स्लाइडवर एकच वाक्य होतं, फूटभर अक्षरांत: "माणूस विसरतो. लॉग विसरत नाही." खाली, मुंगीच्या अक्षरात: "आणि टीम." ती टीम म्हणजे मी.

मालकीणबाईंनी ते वाक्य छापून केबिनमध्ये लावलंय. भावोजींच्या डोक्याच्या बरोब्बर वर.

सोमवार १२:०५ · इशारा

शनिवारची फाईल उघडली. भावोजींना विसरभोळे ठरवून पाच मिनिटांत बंद करायची, या तयारीने.

१४:०९:३८ खोली ६ तापमान ४.६
१४:०९:३८ खोली ७ तापमान २.०
१४:०९:३८ खोली ८ तापमान २.१
१४:१०:३१ सर्व्हर सुरू झाला

पुन्हा वाचलं. नऊ मिनिटं अडतीस सेकंदांनंतर एकदम दहा मिनिटं एकतीस.

"सर्व्हर सुरू झाला" ही साधी, रोजची, कंटाळवाणी ओळ आहे. मी स्वतः लिहिलेली. काहीही अनपेक्षित झालं तर रडत बसू नकोस, लगेच मर आणि दोन सेकंदांत पुन्हा जन्म घे, असं मीच प्रोग्रामला शिकवलंय. त्यामुळे तो मेला तरी कोणाला कळत नाही. भावोजींना दोन सेकंद "जोडत आहे…" दिसतं, तेवढंच. या व्यवस्थेचा मला अभिमान होता.

पण सुरू झाला म्हणजे त्याआधी मेला होता. दोन सेकंद वजा करा. १४:१०:२९ ला मेला. शेवटचा गठ्ठा कपाटात गेला १४:०९:३८ ला. मधले एक्कावन्न सेकंद ट्रेमध्ये होते. आणि प्रोग्राम मरतो तेव्हा मेमरीत जे असतं ते त्याच्याबरोबर जातं. ट्रे, टेबल, कारकून, सगळं.

एक्कावन्न गुणिले आठ. चारशे आठ ओळी तापमानाच्या.

अधिक एक.

सोमवार १२:३० · चूक

मेला का, हे शोधायला वीस मिनिटं लागली.

सहाव्या खोलीचा दुसरा कॉम्प्रेसर दोन महिन्यांपूर्वी बसवला. यंत्रांची जी यादी प्रोग्राममध्ये आहे तिच्यात त्याचा पत्ता भरायचा होता. प्रेझेंटेशन म्हणाले होते, "ते पुढच्या टप्प्यात." टप्पा आला नाही. जागा रिकामी राहिली. दोन महिन्यांत ते बटण दाबायची वेळ कोणावर आली नाही.

शनिवारी आली. भावोजींनी दाबलं. प्रोग्रामने तीन कामं केली: स्क्रीनला हिरवी खूण पाठवली, ट्रेमध्ये "बटण दाबलं" अशी ओळ टाकली, आणि कॉम्प्रेसरला उठवायला गेला. पत्ताच नाही. कोसळला.

म्हणजे बटण दाबलं म्हणून सर्व्हर मेला, आणि सर्व्हर मेला म्हणून बटण दाबल्याची ओळ गेली. भावोजींनी काम इतकं नीट केलं की पुरावाच उरला नाही.

माझ्या मशीनवर सर्व्हरची एक प्रत आहे. तिच्यात तो पत्ता पुसला आणि बटण दाबून पाहिलं. हिरवी खूण, "जोडत आहे…", पुन्हा सुरू. लॉग स्वच्छ. तीनदा केलं. तिन्ही वेळा मी बटण दाबलेलं नव्हतं.

आणि पुनर्जन्म झालेला सर्व्हर पुढचे दोन दिवस काय करत होता? सहावी खोली दर सेकंदाला ओरडत होती. पाच अंश, नऊ अंश, पंधरा अंश. मी त्या आरोळ्यांचे साठ-साठ सेकंदांचे सुबक गठ्ठे बांधून कपाटात ठेवत होतो. एकही ओळ हरवली नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची. मरण्याआधी ट्रे कपाटात ओत, मग मर. त्या जागी माझ्या कोडमध्ये आधीच एक टीप होती. माझ्याच हातची: "बंद पडताना उरलेल्या ओळी लिहिणे. नंतर बघू."

सोमवार १२:५० · चूक

आमच्याकडे एक तपासनीस बाई आहेत. आम्ही लिहिलेलं मोडून बघणं हे त्यांचं काम. नाव शंका, मीच ठेवलेलं. डबा उघडून बसल्या होत्या.

"एक विचारायचं होतं."

"तीनशे अठरा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिकीट नंबर तीनशे अठरा. सकाळपासून ऑफिसभर शनिवारच्या लॉगची चर्चा आहे आणि तुम्ही पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी आलात. दुसरं काय असणार?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. ही सात महिन्यांपूर्वीची, त्यांची: "ट्रेमध्ये ओळी असताना सर्व्हर पडला तर त्या ओळींचं काय?" त्याखाली माझं उत्तर: "सर्व्हर पडल्यावर काय होईल याची काळजी करण्यापेक्षा त्याला पाडू नका." त्याखाली: तिकीट बंद. बंद करणारा: मी. त्याखाली चार जणांचे हसणारे चेहरे. एक प्रेझेंटेशन यांचा.

"पडला वाटतं," शंका म्हणाल्या.

"पडला."

"मी नाही पाडला."

"नाही."

"शेरे लिहिणारे ते गृहस्थ आहेत ना? 'बाकी सर्व क्षेम' वाले?"

"हो."

"मला आवडतात त्यांचे शेरे. तुम्ही लोक हसता तेव्हा मी उठून जाते, बघितलं असेल तुम्ही." डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "नसेल बघितलं."

मी उभाच होतो. "ते माझे भावोजी आहेत."

शंकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. रस्त्यात पडलेलं काहीतरी ओलांडण्याआधी पाहावं, तसं.

"आणि तुम्ही हसायचात," त्या म्हणाल्या.

सोमवार १५:०० · इशारा

प्रेझेंटेशन यांच्या खोलीत काचेचा फळा आहे. त्यावर बाण असतात. कुठून कुठे जातात, विचारायची सोय नाही.

मी सगळं सांगितलं. ट्रे, एक्कावन्न सेकंद, रिकामा पत्ता. पत्त्याशी आल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"दुरुस्ती किती वेळाची?"

"दहा मिनिटं."

"पत्ता भरायला?"

"एक."

"मग दोन्ही आजच सर्व्हरवर चढव. संध्याकाळच्या आत. उद्या मी मालकीणबाईंसमोर सिस्टीम चालवून दाखवणार. दाबलं की ओळ येते, कॉम्प्रेसर सुरू होतो. विषय संपला."

"पण शनिवारी येत नव्हती."

"शनिवारचं उद्या कोण दाखवणार आहे?"

"म्हणजे भावो… म्हणजे तो ऑपरेटर खोटा ठरेल."

"हे बघ." ते खुर्चीत मागे रेलले. "तो माणूस साठीला आलाय. आज ना उद्या जाणारच. तुझ्यापुढे अख्खं करिअर आहे. आणि तिकीट तीनशे अठरा कोणी बंद केलं होतं, हे मला चांगलं आठवतं. मी विसरतो, लॉग विसरत नाही, काय?" आणि हसले. स्वतःच्या विनोदावर हसायला या माणसाला कधी सोबत लागत नाही.

बाहेर येऊन मी दुरुस्ती लिहिली. नऊ मिनिटांत झाली. पत्ता भरला. सगळं तयार. चढवायला एकच आज्ञा टाईप करायची होती.

मी फार थोर विचार केला असं समजू नका. भावोजींची कणव मला आली नाही. मला दिसत होता तो टोपण लावणारा हात. भावोजी मूर्ख आहेत, हे म्हणायचा हक्क मी बारा वर्षं त्यांच्याबरोबर एका ताटाला बसून कमावलाय. या बाणवाल्याने एकदाही न भेटता तो फुकटात वापरावा?

साडेपाचला त्यांचा मेसेज आला: "झालं?"

मी लिहिलं: "झालं."

खोटं बोललो. ते कुठल्याही लॉगमध्ये नाही.

मंगळवार १०:५० · माहिती

शीतगृहाच्या दारातच लिलीचा वास अंगावर आला. बादल्या, पेट्या, जुने डबे, हातगाडी, जिथे जागा मिळेल तिथे फुलं ठेवली होती. फेकायची होती, पण अकरा हजार फुलं फेकायलाही दिवस लागतो.

भावोजी केबिनबाहेर बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट. कोणीतरी, म्हणजे ताईने, खिशाला दोन पेनं लावून दिली होती.

"या मेहुणे. घाईत आलात ना? काही खाल्लंत का?"

"भावोजी, तुम्ही दाबलं होतं. मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे की," ते म्हणाले. "मीच तर दाबलं."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. मग ते म्हणाले, "तुमच्या यंत्राला दोष देणार नाही मी. मी तुमच्या ताईलाही सांगितलं, मेहुण्यांचं नाव मध्ये आणायचं नाही. उगाच त्यांच्या ऑफिसात त्यांना ऐकावं लागेल."

या माणसाला एक दिवस तरी स्वतःचा विचार जमला असता, तर माझं काम किती सोपं झालं असतं.

मंगळवार ११:०२ · माहिती

केबिनमध्ये चौघं. मालकीणबाई, प्रेझेंटेशन, भावोजी आणि मी. भिंतीवर ते वाक्य.

मालकीणबाई बुटक्या, हाताला सतत परागाचे पिवळे डाग. त्या कमी बोलतात आणि कागद वाचतात. आमच्या धंद्यात असं गिऱ्हाईक घातक समजतात.

प्रेझेंटेशन यांनी सुरुवात केली. मुद्दा एक, मुद्दा दोन. "आम्ही कोणावर आरोप करत नाही. आम्ही फक्त डेटा दाखवतो." शनिवारचं पान छापून आणलं होतं, ते टेबलावर सरकवलं. "बघा. बटण दाबल्याची नोंद नाही."

मालकीणबाईंनी चष्मा लावला. पान वाचलं. पिवळं बोट एका ओळीवर ठेवलं आणि खालच्या ओळीवर आणलं.

"या दोन ओळींच्या मध्ये काय आहे?"

"काही नाही. तेच तर म्हणतोय मी."

"नाही, मी खोल्यांचं विचारतेय. प्रत्येक सेकंदाला आठ खोल्यांचं तापमान येतं म्हणून तुम्ही आम्हाला हे विकलंत. इथे जवळजवळ एक मिनिट एकाही खोलीचं नाही. एक मिनिट माझ्या खोल्या कुठे गेल्या होत्या?"

शाळेतल्या मुलालाही दिसावं असं होतं. आमच्या ऑफिसात दीडशे माणसं आहेत, त्यांतल्या एकाच बाईला दिसलं, तेही सात महिने आधी.

प्रेझेंटेशन डगमगले नाहीत. डगमगायला आपण कुठे उभे आहोत हे माहीत असावं लागतं. "किरकोळ देखभाल असते, मॅडम. त्याचा बटणाशी संबंध नाही. चला, आत्ताच दाबून बघू. तुमच्या समोर. दाबलं की लॉगमध्ये ओळ येणार म्हणजे येणार. काय रे?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "काय रे" माझ्यासाठी होतं.

"दाबा, भावोजी," मी म्हणालो.

प्रेझेंटेशन यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "भावोजी?"

भावोजी तोवर चष्मा पुसत स्क्रीनसमोर बसलेही होते. खोली सहा, कॉम्प्रेसर दोन. दाबलं. चौकट उघडली: "कारण लिहा."

"ते रिकामं सोडा," प्रेझेंटेशन म्हणाले.

"रिकामं कसं सोडणार, साहेब? कारण आहे ना."

आणि एका बोटाने लिहायला लागले. घड्याळाचा काटा, लिलीचा वास आणि ते एक बोट. एक शब्द खोडला. पुन्हा लिहिला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: "शनिवारी दाबलं होतं तेच पुन्हा दाबत आहे. साक्षीला मालकीणबाई, मोठे साहेब आणि आमचे मेहुणे. फुलांचं वाईट वाटतं."

"झालं," ते म्हणाले आणि शेवटचं बटण दाबलं. हिरवी खूण आली. प्रेझेंटेशन यांनी हात पसरले, बघा म्हणून, आणि मी

११:१४:०८ खोली ८ तापमान २.२
११:१४:४७ सर्व्हर सुरू झाला

मंगळवार ११:१५ · घातक

मधलं लिहितो. यंत्राने नाही लिहिलं, म्हणून कोणीतरी लिहायला हवं.

हिरवी खूण आली आणि लगेच "जोडत आहे…" आलं. भावोजी म्हणाले, "शनिवारीही असंच झालं होतं. मला वाटलं, दम लागला." प्रेझेंटेशन यांनी लॉग उघडला. काही नाही. पुन्हा उघडला. मी म्हणालो, "एक मिनिट लागतं. गठ्ठा साठायला." मग आम्ही चौघं एक मिनिट थांबलो. एखाद्याला श्रद्धांजली वाहावी तसं. मिनिट संपलं, नवा गठ्ठा आला, वरच्या दोन ओळी दिसल्या, आणि त्यांच्या खाली खोल्यांची तापमानं, ओळीने, नीट. बटण नाही. शेरा नाही.

"नेटवर्क," प्रेझेंटेशन म्हणाले. "कधीकधी नेटवर्कमध्ये…"

"मी त्यांना दाबताना पाहिलं," मालकीणबाई म्हणाल्या.

"हो, पण…"

"तुम्हीही पाहिलंत. तुमच्या समोर पाच मिनिटं लिहीत होते. आणि हे म्हणतंय, त्यांनी काही केलंच नाही." त्यांनी चष्मा काढला. "कोणी लिहिलंय हे?"

प्रेझेंटेशन यांचं बोट वर गेलं होतं. टीमकडे.

"मी," बोट पोचायच्या आधी मी म्हणालो. "ट्रे माझा. सात महिन्यांपूर्वी आमच्या तपासनीस बाईंनी नेमकं हेच विचारलं होतं. मी त्यांची चेष्टा करून तिकीट बंद केलं. कॉम्प्रेसरचा पत्ता भरायचा राहिला, तो यांनी पुढच्या टप्प्यावर ढकलला. आणि दुरुस्ती काल दुपारपासून तयार आहे. मी चढवली नाही."

"तू झालं म्हणालास!" प्रेझेंटेशन ओरडले.

"हो. चढवल्याची नोंद होती का कुठे?"

मालकीणबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते बाकावर जाऊन बसले, पेट्यांच्या मध्ये. पँटला पराग लागला असणार. तो डाग धुऊन जात नाही.

मग त्या भावोजींकडे वळल्या. काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं. "उद्यापासून या," म्हणाल्या.

"आज आलोच आहे की," भावोजी म्हणाले.

मंगळवार ११:४० · माहिती

मी केबिनमधूनच दुरुस्ती चढवली. माझ्या नोकरीचं काय, हे तिथे कोणी बोललं नाही, आणि ऑफिसात परत जाईपर्यंत तरी मलाही जाणून घ्यायचं नव्हतं. भावोजी माझ्या मागे उभे राहून बघत होते.

"माझा शेरा गेला का हो, मेहुणे?"

"गेला."

"सगळा?"

"सगळा."

"शनिवारचाही?"

"तोही. काय लिहिलं होतं?"

ते आठवायला थांबले नाहीत. "'पहिला कॉम्प्रेसर थकला, दुसरा उठवला. रविवारी कोणी नाही, सोमवारी लवकर येईन.' म्हणून तर काल साडेसहालाच आलो होतो. दार उघडलं तर…" त्यांनी हात उघडा केला, पाचही बोटं पसरून, आणि तसाच ठेवला. "वाईट झालं. पण दिसत होतं सुंदर. कोणाला सांगू नका."

"बसा. आता दाबा पुन्हा. या वेळी ओळ लगेच लिहिली जाईल. बटणाच्या ओळी यापुढे ट्रेमध्ये थांबणार नाहीत."

"आणि तापमानाच्या?"

"त्या थांबतील. पण मरताना ओतून मरेल."

"शहाणा झाला म्हणायचा," भावोजी म्हणाले. यंत्राबद्दल बोलत होते, असं मी धरून चालतो.

त्यांनी दाबलं. चौकट उघडली. एक बोट पुढे गेलं, मागे आलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चटचट लिहून टाकलं. सहाव्या खोलीच्या भिंतीपलीकडे काहीतरी घरघरलं, मग घुमायला लागलं. मी लॉग उघडला. मिनिटभर थांबावं लागलं नाही.

मूर्ख माणूस आहे. सुरुवातीलाच सांगितलं होतं.

११:५२:१९ खोली ६ कॉम्प्रेसर २ सुरू. कारण: "मेहुण्यांनी दुरुस्त केलं. चूकही त्यांचीच होती, पण स्वतःहून सांगितली. बाकी सर्व क्षेम."